तीन गोळ्यांनी बरी होणारी सर्दी

प्रश्न : घरात कुणाला सर्दी-ताप आला की आम्ही कामशेतच्या मेडिकलमधून पाचशेच्या तीन गोळ्यांचं पाकीट आणतो. दर वेळी तीन दिवसांत बरं वाटतं. मुलगी फार्मसीला आहे, ती म्हणते हे बंद करा. दवाखान्यात गेलं तर तिथेही तीच गोळी लिहून देतात. वर फी जाते आणि लावणीचा एक दिवस मोडतो. मग चिठ्ठी असली काय अन् नसली काय, गोळी तीच ना?
— एक वाचक, नाणे मावळ

उत्तर : गोळी तीच, हे अगदी खरं. तुमची पाचशेची गोळी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन. डॉक्टरांनी लिहिलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि काउंटरवर मागून आणलेली अ‍ॅझिथ्रोमायसिन यांत रसायन म्हणून काडीचाही फरक नाही. फरक पडतो तो गोळीच्या आधी. हा ताप कशाचा, हे कुणी पाहिलं का? छातीला नळी लावली का, घशात बघितलं का, कुठे गेला होतात, काय करत होतात हे विचारलं का? मेडिकलच्या काउंटरवर मागे सहा गिऱ्हाइकं उभी असताना हे होत नाही, आणि ते तिथल्या माणसाचं काम नाही.

आता तुमच्या ‘दर वेळी तीन दिवसांत बरं वाटतं’ याकडे येऊ. सर्दी विषाणूंमुळे होते. अँटिबायोटिक मारतं जिवाणूंना. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाहीत. अ‍ॅझिथ्रोमायसिन त्याचं प्रथिनं बनवण्याचं यंत्र बंद पाडते. विषाणूकडे अशी भिंतही नसते आणि हे यंत्रही नसतं. तो आपल्याच पेशींत शिरून आपली यंत्रणा वापरतो. म्हणजे सर्दीत ही गोळी ज्याच्यावर नेम धरते तेच तिथे नसतं.

तरी बरं वाटतं, कारण साध्या सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि मग ती आपसूक उतरायला लागते. आपण पहिला दिवस अंगावर काढतो, दुसऱ्या दिवशी काढा-वाफ करतो आणि तिसऱ्या दिवशी, अगदी जेरीला आल्यावर, मेडिकल गाठतो. तिथून पुढचे तीन दिवस उताराचेच असतात. उतरली असती ती सर्दी उतरते आणि श्रेय जातं पाकिटाला. एकदा न घेता पाहिलं असतं तर कळलं असतं, पण ते पाहायला कुणाला वेळ असतो? कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे ‘इन्फेक्शन आत गेलं’ ही समजूतही अशीच चिवट आहे. तो रंग मुख्यतः आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. नुसत्या रंगावरून जिवाणू की विषाणू हे ठरत नाही. आणि ताप गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, त्यासाठी दुसरं पाकीट आणायची गरज नसते.

‘बरं, उपयोग नाही, पण तोटा काय?’ खरा मुद्दा इथून पुढे आहे.

आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू राहतात, बहुतेक निरुपद्रवी. सर्दीसाठी घेतलेली गोळी सर्दीला शिवत नाही, पण या जिवाणूंवर जाऊन पडते. त्यातले दुबळे मरतात; ज्यांच्याकडे औषधाला तोंड द्यायची काही युक्ती आहे ते उरतात आणि रिकामी झालेली जागा भरून काढतात. वाईट असं की ही युक्ती ते स्वतःपाशी ठेवत नाहीत. जनुकाचा छोटासा तुकडा एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी दुसऱ्या जातीच्या जिवाणूलासुद्धा. असे तयार झालेले जिवाणू महिनोन्‌महिने पोटात राहतात, हातांवाटे, संडासावाटे, पाण्यावाटे घरातल्या इतरांत पोचतात. वर्षभराने घरातल्या बाईला लघवीची जळजळ सुरू होते, नेहमीची गोळी लागू पडत नाही आणि सलाइनमधून इंजेक्शनं घ्यायची वेळ येते. त्या वेळी मागच्या पावसाळ्यातली सर्दी कुणाला आठवते?

अ‍ॅझिथ्रोमायसिनचं आणखी एक आहे. ती शरीरात फार काळ राहते. तिचं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ६८ तास लागतात, म्हणूनच तीन गोळ्यांत काम भागतं. योग्य आजारात हा गुण आहे. विनाकारण घेतली तर गोळ्या संपल्यावरही कित्येक दिवस ती अंगात थोडी थोडी रेंगाळते, आणि जिवाणू मरणार नाही पण सरावेल, नेमकी इतकीच. २०१९ साली देशाच्या खासगी औषधबाजारात सर्वांत जास्त खपलेली अँटिबायोटिक गोळी हीच, पाचशेची. त्याखालोखाल दोनशेची सेफिक्झीम. तेव्हा फक्त तुमच्या घरावर बोट ठेवायचं कारण नाही. तीन गोळ्यांचं पाकीट हा आता देशाचा घरगुती उपाय झाला आहे.

पॅरासिटामॉल तुम्ही हजार वेळा घेतलीत म्हणून शेजाऱ्याचा ताप पॅरासिटामॉलला दाद देईनासा होत नाही. अँटिबायोटिकचं तसं नाही. इथे एकाने घेतलेल्या गोळीने दुसऱ्याची गोळी निकामी होऊ शकते. म्हणून ‘माझं शरीर, माझे पैसे’ हा हिशेब इथे पुरा पडत नाही.

हे आपल्याला आज कळलंय असंही नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच हे सांगून ठेवलं होतं. त्यांनी एक कल्पित गृहस्थ घेतला. त्याचा घसा दुखतो, तो दुकानातून पेनिसिलिन आणतो, थोडंच घेतो. जंतू मरत नाहीत, उलट शहाणे होतात. ते जातात त्याच्या बायकोकडे, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती मरते. फ्लेमिंग विचारतात, या मृत्यूला जबाबदार कोण? त्या वेळी औषध नुकतंच कुठे लोकांच्या हाती येत होतं.

त्याआधी चारच वर्षं, १९४१ मध्ये, ऑक्सफर्डमधल्या एका पोलिसाला पेनिसिलिन दिलं गेलं तेव्हा ते इतकं दुर्मीळ होतं की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचत होते. माणूस सुधारायला लागला, औषध संपलं आणि तो गेला. आपल्याकडे हे औषध बनू लागलं ते तुमच्याच लोकल लाइनवर. पिंपरीची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने, आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. औषधक्षेत्रातला तो देशाचा पहिला सरकारी कारखाना. पुढे १९६१ मध्ये तिथल्याच प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. त्याच्या नावातलं ‘हॅ’ कंपनीच्या आद्याक्षरांवरून आलं आहे. परदेशातून आणावं लागणारं औषध गोरगरिबाला परवडावं म्हणून तो कारखाना उभा राहिला. औषध स्वस्त झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. ते चिक्कीसारखं मागून घेता यावं, हे मात्र कुणाच्या मनात नव्हतं.

आता डॉक्टरांकडे. ‘तिथेही तीच गोळी लिहून देतात’ ही तुमची तक्रार खोटी म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातलं सर्वांत बोलकं उदाहरण क्षयाचं आहे. १९९१ मध्ये डॉ. मुकुंद उपळेकर आणि सहकाऱ्याने धारावीतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहायला सांगितली, तर ८० निरनिराळ्या पद्धती निघाल्या. २०१० मध्ये डॉ. झरीर उदवाडिया यांनी मुंबईत तसंच पुन्हा करून पाहिलं: १०६ डॉक्टर, ६३ पद्धती, आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त सहा. पुढच्याच वर्षी, २०११ च्या अखेरीस, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या त्यांच्याच चमूने चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासून पाहिलेलं क्षयाचं एकही औषध त्यांच्या जंतूंना लागू पडत नव्हतं. चमूने त्या आजाराला दिलेल्या नावावर सरकारने हरकत घेतली, जगभर गाजावाजा झाला. पण त्या नोंदीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे: चौघांपैकी तिघे दीड वर्षात सरासरी चार-चार डॉक्टरांकडे फिरलेले होते आणि औषधं एकेक करून, बऱ्याचदा चुकीच्या मात्रेत दिली गेली होती. म्हणजे चिठ्ठी असली की सगळं आलबेल असंही नाही. डॉक्टरांना विचारा : हे जिवाणूचंच आहे का? दोन दिवस थांबून पाहिलं तर चालेल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट बऱ्याचदा गोळी लिहिली जाते ती ‘काहीतरी हाय पॉवर द्या’ म्हणून पेशंटच हटून बसतो म्हणून.

क्षयावरून आठवलं. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या क्षयाच्या जंतूवरही थोड्याफार चालतात. महिनाभराच्या खोकल्याला कुणी अशी गोळी आणून घेतली की चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं, आणि तोवर तो माणूस घरभर क्षय वाटत असतो.

आणि आता तुमच्या मावळाबद्दल, कारण तिथला पावसाळी ताप म्हणजे नेहमी सर्दीचाच असतो असं नाही. लावणीच्या दिवसांत माणसं तासन्‌तास खाचरात उभी असतात. उंदीर-घुशींच्या, गुराढोरांच्या लघवीतून पाण्यात उतरणारा लेप्टोचा जंतू पायाच्या चिरांमधून अंगात शिरतो. अचानक थंडी वाजून ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं ही त्याची चिन्हं. दुर्लक्ष झालं तर कावीळ, मूत्रपिंडं निकामी होणं, मृत्यू. गवतात-झुडपात काम करणाऱ्यांना, गुराख्यांना आणि लोहगड-विसापूरला भटकणाऱ्यांनाही, बारीक कोळ्यासारख्या किड्याच्या अळीमुळे स्क्रब टायफस होऊ शकतो. काखेत, जांघेत, कमरेपाशी न दुखणारी काळी खपली दिसली तर ती त्याची खूण. हे दोन्ही आजार जिवाणूंचे आहेत आणि इथे अँटिबायोटिक हवंच, तेही लवकर. डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालते, आणि गंभीर लेप्टोत अजूनही पेनिसिलिनचीच इंजेक्शनं देतात. म्हणजे एका तापात गोळी फुकट, दुसऱ्यात तीच वेळेत न मिळणं जिवावर बेतणारं, आणि दोन्ही तापांची पहिल्या दिवशीची सुरुवात सारखीच.

तिसरा ताप डेंग्यूचा. त्यावर कुठलंच अँटिबायोटिक नाही. पण मेडिकलमधून मिळणाऱ्या चार रंगांच्या गोळ्यांच्या पुडीत अँटिबायोटिक एकटं नसतं. सोबत आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारखं दुखणं मारणारं औषध असतं, कधी स्टिरॉइडही. डेंग्यूत असली वेदनाशामकं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. आणि टायफॉइड असेल तर त्याची भरवशाची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर. आधीच गोळ्या पोटात गेल्या असतील तर जंतू रक्तात सापडत नाही, ताप मात्र पुरता जात नाही. अर्धवट दाबलेल्या तापाइतका अवघड ताप डॉक्टरांना दुसरा नसतो.

कायद्याचं थोडक्यात. सगळी पोटात घ्यायची अँटिबायोटिकं चिठ्ठीवरच विकायची औषधं आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यातल्या ताकदीच्या काहींसाठी ‘एच-वन’ अशी वेगळी यादी लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधं होती. सेफिक्झीम, लिव्होफ्लॉक्सासिन, क्षयाची औषधं त्यात आहेत. ती विकताना दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. तुमची अ‍ॅझिथ्रोमायसिन या कडक यादीत नव्हती, ती साध्या ‘एच’ यादीतली. म्हणून ती इतकी सहज मिळते असा माझा अंदाज. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ असते, ती चिठ्ठीशिवाय घेऊ नये याची खूण. कायदा पाळला जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण ‘चिठ्ठी आणा’ म्हणणारा मेडिकलवाला तुम्हाला भेटला तर त्याच्यावर चिडून पुढच्या दुकानात जाऊ नका. तो स्वतःचं गिऱ्हाईक तोडून तुमचं भलं करतोय.

राहिली फी आणि मोडणारा दिवस. हा मुद्दा उपदेशाने सुटत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तुम्हाला खडकाळ्याचं प्राथमिक आरोग्य केंद्र जवळचं, नाहीतर कान्ह्याचं सरकारी रुग्णालय. तिथे रांग असते, दिवस मोडतो, हे खरंच. म्हणून प्रत्येक शिंकेला तिकडे धावा असं सांगत नाही. नाक गळतंय, घसा खवखवतोय, ताप बारीक आहे, खाणंपिणं चालू आहे, तर पॅरासिटामॉल, गरम पाणी आणि विश्रांती यांवर तीन दिवस काढायला हरकत नाही. अंगावर काढण्याची आपली जुनी खोड इथे एरवीपेक्षा बरी. पण ताप तिसऱ्या दिवशीही चढाच असेल, धाप लागत असेल, लघवी कमी होत असेल, गुंगी येत असेल, अंगावर पुरळ किंवा डोळ्यांत पिवळेपणा दिसत असेल, किंवा आजारी माणूस तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारा किंवा मधुमेही असेल, तर तो दिवस मोडावाच.

प्रश्न : अँटिबायोटिक गरम पडतं म्हणून आमच्याकडे ते दुधाबरोबर घेतात. चालतं का?
— एक वाचक, लोणावळा

उत्तर : प्रत्येक गोळीबरोबर नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि टेट्रासायक्लिन यांना दुधातलं कॅल्शियम धरून ठेवतं. गोळी पोटात जाते पण रक्तात पुरेशी उतरत नाही. म्हणजे जिवाणूला कमी डोस, आणि कमी डोसाचं काय होतं ते वर आलंच आहे. ‘गरम पडणं’ म्हणतात ती पोटातली जळजळ आणि जुलाब खरे असतात. जेवणानंतर, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घेतल्याने बऱ्याच गोळ्या सोसतात. कुठली रिकाम्या पोटी घ्यायची हे औषध घेतानाच विचारून घ्यावं.

प्रश्न : कोर्स पूर्ण करा म्हणतात. बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी ठेवल्या तर?
— एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : ठेवू नका. कोर्स किती दिवसांचा असावा यावर डॉक्टरांमध्येच वाद चालू आहे. कित्येक आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरतात असं आता दिसलंय. पण कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, फोनवर का होईना. क्षयाला हा वाद लागू नाही, तिथे ठरलेले महिने पुरेच करायचे. उरलेल्या गोळ्यांची अडचण अशी की पुढच्या वेळी आजार वेगळा असतो, माणूस वेगळा असतो, आणि दोन गोळ्यांत कुठलंच काम पूर्ण होत नाही. आजीच्या उरलेल्या गोळीतली अर्धी मोडून नातवाला देणं तर सोडूनच द्या.

प्रश्न : आम्ही भातावर करपा दिसला की बुरशीनाशकात स्ट्रेप्टोची पुडी टाकून फवारतो. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक शेतकरी, पवन मावळ

उत्तर : आहे, आणि थेट आहे. स्ट्रेप्टोसायक्लिन म्हणजे नव्वद टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि दहा टक्के टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध. पिंपरीची कंपनीच ही पुडी शेतीसाठी बनवत आली आहे. भातात दोन वेगळे रोग ‘करपा’ याच नावाने ओळखले जातात. पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी ठिपके पडतात तो करपा बुरशीचा. त्यावर स्ट्रेप्टोचा काही उपयोग नाही. पानाच्या कडेने वरून खाली वाळत येतो तो कडा करपा जिवाणूचा. म्हणजे बहुतेक वेळा शेतातही तेच चालतं: रोग एकाचा, गोळी दुसऱ्याची. आणि हे पाणी खाचरातून ओढ्यात, ओढ्यातून पवनेत जातं. केंद्र सरकारने २०२१ च्या डिसेंबरात शेतीतल्या या मिश्रणावर बंदी आणण्याचं पाऊल उचललं. तुमच्या जवळच वडगाव मावळचं कृषी संशोधन केंद्र आहे, १९८७ मध्ये इंद्रायणी तांदूळ देणारं. फवारणीआधी वाळलेलं पान तिथे नेऊन दाखवावं, रोग कुठला ते कळेल.

आणि तुम्हालाच एक सांगायचं. याच खाचरात उभं राहून चार-आठ दिवसांनी ताप आला तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. ‘भातलावणी केली आहे, पायाला चिरा आहेत’ हे वाक्य दवाखान्यात शिरल्या शिरल्या सांगा. आधी काही गोळ्या घेतल्या असतील तर त्यांचं रिकामं पाकीटही सोबत न्या.